शिकारीचे मांस गोठवण्यासाठी घरगुती निर्वात वेष्टनयंत्राची निवड : एक विवेचन

सारांश :
उत्तर अमेरिकेत हंगामी शिकारीतून मिळालेले मांस वर्षभर टिकवण्यासाठी व्हॅक्यूम सीलर या नावाने परिचित असलेले घरगुती निर्वात वेष्टनयंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. हे यंत्र निवडताना हवा ओढण्याच्या क्षमतेच्या आकड्याला अवाजवी महत्त्व दिले जाते. गोठवलेल्या मांसाची हानी कोणत्या कारणांनी होते हे लक्षात घेतल्यास सीलचा टिकाऊपणा, ओलावा हाताळण्याची क्षमता, सलग काम करण्याची ताकद आणि पिशवीचा दर्जा हे निकष अधिक निर्णायक ठरतात, असे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. तसेच निर्वात वेष्टनाने काय साधत नाही, याचीही चर्चा केली आहे.

बीजशब्द : निर्वात वेष्टन, गोठवण, शिकारीचे मांस, अन्नसुरक्षा, ऑक्सिडीकरण.

१. प्रस्तावना

उत्तर अमेरिकेतील अनेक ग्रामीण व निमशहरी कुटुंबांच्या आहारात शिकारीच्या मांसाला आजही निश्चित स्थान आहे. शासनाने ठरवून दिलेल्या मुदतीत आणि परवान्याच्या मर्यादेत पांढऱ्या शेपटीचे हरीण, एल्क, मूस इत्यादी प्राण्यांची शिकार तेथे प्रामुख्याने शरद ऋतूत केली जाते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत अशा वन्य प्राण्यांच्या मांसाची विक्री करण्यास मनाई आहे. त्याचबरोबर, शिकार केलेल्या प्राण्याचे खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा अनेक राज्यांत दंडनीय अपराध आहे. परिणामी, वर्षातून एकदाच हाती आलेले मांस पुढील हंगामापर्यंत घरीच टिकवणे ही त्या कुटुंबाची जबाबदारी ठरते.

या जबाबदारीचे प्रमाण लहान नाही. मध्यम आकाराच्या हरणापासून हाडे व चरबी वेगळी केल्यावर साधारणपणे २० ते ३० किलो मांस मिळते. मोठ्या एल्कपासून ८० किलो किंवा त्याहून अधिक मिळू शकते. एका वेळच्या जेवणासाठी ६०० ग्रॅमचे एक पाकीट धरल्यास २५ किलो मांसाची चाळीसहून अधिक पाकिटे होतात आणि ती एक-दोन दिवसांत बांधावी लागतात. घरगुती यंत्राची खरी कसोटी या एक-दोन दिवसांतच लागते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे प्रस्तुत विषयाचे मूळ क्षेत्र उत्तर अमेरिका हेच राहते. तथापि, त्यामागील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र सार्वत्रिक असल्याने अन्नविज्ञान व गृहविज्ञानाच्या अध्यापनात हे उदाहरण उपयुक्त ठरते.

२. गोठवलेल्या मांसाची हानी : तीन कारणे

यंत्राची निवड करण्यापूर्वी ते कोणत्या हानीपासून संरक्षण देते, हे निश्चित करणे आवश्यक आहे.

पहिली हानी बर्फाच्या स्फटिकांमुळे होते. मांसातील पाण्याचा मोठा भाग उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात गोठतो. हा पट्टा ओलांडण्यास जितका अधिक वेळ लागतो, तितके स्फटिक मोठे होतात आणि स्नायूंच्या पेशी फाटतात. असे मांस वितळवले असता त्यातून लालसर पाणी झिरपते व मांस कोरडे लागते. लॅब्राडॉरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणार्धात गोठलेल्या माशांची चव टिकून राहते, हे क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९१० च्या दशकात पाहिले आणि पुढे शीघ्र गोठवणीचा उद्योग उभारला, त्यामागे हेच तत्त्व होते. या हानीवर वेष्टनयंत्राचा थेट उपाय नाही. तो शीतपेटीच्या क्षमतेचा व पाकिटाच्या जाडीचा प्रश्न आहे.

दुसरी हानी बर्फाच्या संप्लवनामुळे होते. अतिशीत व कोरड्या हवेत मांसाच्या पृष्ठभागावरील बर्फ द्रवरूप न होता थेट वाफेत रूपांतरित होतो. ही वाफ पिशवीतील मोकळ्या जागेत जाऊन पुन्हा तुषाराच्या रूपाने जमते आणि मांसावर करडे, कोरडे, चामड्यासारखे डाग पडतात. हे मांस विषारी नसते, परंतु त्याची चव व पोत नष्ट झालेला असतो. मांस आणि पिशवी यांमध्ये पोकळी जितकी कमी, तितके संप्लवन कमी.

तिसरी हानी ऑक्सिडीकरणाची होय. ऑक्सिजनच्या संपर्काने मेदाम्लांचे विघटन होऊन खवट वास येतो. गोठवल्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. हरणाचे मांस मुळात कमी चरबीचे असते; जी चरबी असते तिची चव अप्रिय असल्याने जाणकार ती काढून टाकतात. परंतु खिम्यात डुकराची किंवा गाईची चरबी मिसळण्याची पद्धत तेथे रूढ आहे. खिम्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने व चरबी सर्वत्र पसरलेली असल्याने तो अखंड तुकड्यांपेक्षा लवकर खवट होतो. मीठ या क्रियेला गती देत असल्याने मसाला भरलेल्या सॉसेजच्या बाबतीत हा काळ आणखी घटतो.

थोडक्यात, निर्वात वेष्टन दुसऱ्या व तिसऱ्या हानीपासून संरक्षण देते, आणि तेही पिशवी मांसाला चिकटून राहील तोपर्यंतच. यंत्राने कितीही हवा ओढली, तरी पुढील महिन्यात सीलमधून ती आत शिरली तर सर्व श्रम व्यर्थ जातात.

३. यंत्रांचे दोन प्रकार

घरगुती यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पिशवी यंत्राच्या बाहेर राहते आणि केवळ तिचे तोंड यंत्राच्या जबड्यात धरले जाते. पंप त्या तोंडातून हवा ओढतो आणि नंतर तापलेली पट्टी पिशवीचे तोंड वितळवून बंद करते. हवा बाहेर येण्यास वाट राहावी म्हणून अशा पिशव्यांच्या आतील बाजूस बारीक चरे किंवा जाळीदार नक्षी असते. ही यंत्रे स्वस्त, हलकी व सुटसुटीत असतात. मात्र हवेबरोबर मांसातील रक्तपाणीही तोंडाकडे ओढले जाते, हा त्यांचा अंगभूत दोष आहे.

दुसऱ्या प्रकारात संपूर्ण पिशवी झाकणबंद कोठीत ठेवली जाते आणि कोठीतीलच हवा काढली जाते. पिशवीच्या आत व बाहेर दाब सारखाच राहत असल्याने द्रव तोंडाकडे ओढला जात नाही. सील झाल्यानंतर कोठीत हवा सोडली की बाहेरचा दाब पिशवीला मांसावर घट्ट दाबतो. यात साध्या, गुळगुळीत व तुलनेने स्वस्त पिशव्या चालतात. रस्सा किंवा मुरवणीचे मांसही बंद करता येते. परंतु यंत्र जड व महाग असते, जागा अधिक व्यापते, आणि कोठीच्या मापापेक्षा मोठा तुकडा त्यात मावत नाही.

कोठीयंत्राबाबत एक सूक्ष्म मुद्दा आहे. दाब कमी झाला की पाण्याचा उत्कलनबिंदूही उतरतो. पाऱ्याच्या सुमारे १७.५ मिलिमीटर दाबाला पाणी २० अंश सेल्सिअसलाच उकळते; ४ अंशाला उकळण्यासाठी दाब सुमारे ६ मिलिमीटरपर्यंत उतरावा लागतो. म्हणून कोमट मांस कोठीत ठेवल्यास त्यातील पाणी उकळू लागते, वाफ निर्माण होते आणि निर्वात अपुरा राहतो. मांस आधी पुरेसे थंड करण्याचा आग्रह या कारणासाठीही योग्य आहे.

४. निवडीचे निकष

४.१ निर्वाताचा आकडा : जाहिरातीत ठळकपणे छापलेला हा आकडा सावधपणे वाचावा लागतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असतो. एखादे यंत्र ६३५ मिलिमीटरपर्यंत निर्वात करत असेल, तर पिशवीत मूळ हवेच्या सुमारे एक षष्ठांश हवा शिल्लक राहते. ७१० मिलिमीटरला हे प्रमाण सुमारे पंधराव्या हिश्शावर येते. परंतु कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर हे शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवर असून तेथे वातावरणाचा एकूण दाबच ६२५ मिलिमीटरच्या आसपास असतो. तेथे कोणतेही यंत्र ७१० मिलिमीटरचा आकडा दाखवू शकणार नाही, आणि ते यंत्र सदोष आहे असेही म्हणता येणार नाही. शिवाय घट्ट पिशवी मांसाला सर्व बाजूंनी चिकटली की संप्लवनासाठी लागणारी पोकळी बव्हंशी नाहीशी होते. त्यामुळे सर्वसाधारण दर्जाच्या दोन यंत्रांमध्ये या आकड्यातील थोड्या फरकाने निवड करू नये.

४.२ सीलची रुंदी व समानता : सीलची पट्टी रुंद किंवा दुहेरी असणे आणि ती संपूर्ण लांबीभर सारखी तापणे हा सर्वांत महत्त्वाचा निकष आहे. अरुंद सीलमध्ये रक्ताचा थेंब, चरबीचा कण किंवा पिशवीची सुरकुती अडकली तर तेथून हवा शिरते. तापण्याचा अवधी कमी-अधिक करण्याची सोय असल्यास ओलसर तोंडही नीट वितळवता येते.

४.३ ओलावा हाताळण्याची क्षमता : बाहेरून हवा ओढणाऱ्या यंत्रात रक्तपाणी साठवणारे, सहज काढून धुता येणारे तबक असावे. ते नसल्यास द्रव पंपापर्यंत जाऊन पंप निकामी होतो, शिवाय यंत्रात जंतूंची वाढ होते. हवा ओढणे मध्येच थांबवून लगेच सील करण्याची हाताने चालणारी कळ असल्यास मऊ खिमा चिरडत नाही व द्रव वर येण्यापूर्वी पिशवी बंद करता येते.

४.४ सलग काम करण्याची ताकद : हलक्या यंत्रांची पट्टी काही पाकिटांनंतर अतितप्त होते. मग यंत्र आपोआप थांबते किंवा प्रत्येक पाकिटानंतर विश्रांती मागते. चाळीस पाकिटांच्या कामात दर वेळी एक मिनिट थांबावे लागल्यास पाऊण तास केवळ प्रतीक्षेत जातो आणि तेवढा वेळ मांस फळीवर गरम होत राहते. म्हणून दोन सीलमधील विश्रांतीचा काळ व सलग करता येणाऱ्या सीलची संख्या माहितीपत्रकात अवश्य पाहावी.

४.५ पिशवीचा दर्जा : साधे पॉलिथिलीन पाण्याची वाफ चांगली अडवते, मात्र त्यातून ऑक्सिजन हळूहळू आत येतो. म्हणून चांगल्या पिशवीत वितळून चिकटण्यासाठी आत पॉलिथिलीनचा आणि ऑक्सिजन अडवण्यासाठी बाहेर नायलॉनचा थर असतो. सामान्य वापरास सुमारे ७५ मायक्रॉन जाडी पुरेशी होते. हाडासह असलेल्या तुकड्यांसाठी १०० मायक्रॉन किंवा अधिक जाडी हितावह ठरते. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पिशव्या मात्र दरवर्षी. एकाच कंपनीच्या महाग पिशव्यांवर अवलंबून ठेवणारे यंत्र सुरुवातीला स्वस्त असले तरी काही हंगामांत महाग पडते. वर्षाला शेकडो पाकिटे बांधणाऱ्या कुटुंबाला म्हणूनच कोठीयंत्राची किंमत कालांतराने परवडू शकते.

४.६ दुरुस्तीची सोय : जबड्यातील फेसाची गादी व सीलपट्टीवरील उष्णतारोधक फीत हे झिजणारे भाग आहेत. ते सुटे मिळतात का व घरी बदलता येतात का, याची खात्री खरेदीपूर्वी करावी.

या निकषांवरून पुढील निष्पत्ती होते. वर्षाला एक हरीण आणि एकत्र खाणारे मोठे कुटुंब असेल, मांस दोन-तीन महिन्यांत संपत असेल, तर प्लास्टिकची पातळ फिल्म व त्यावर गोठवणीचा मेणकागद असे दुहेरी वेष्टनही काम भागवते. यंत्राची निकड नाही. एक-दोन हरणांचे मांस वर्षभर पुरवायचे असल्यास रुंद सीलचे व सलग चालणारे बाह्य प्रकारचे यंत्र पुरेसे आहे. एल्क किंवा मूस, अनेक शिकारी असलेले घर, अथवा मासे व रस्साही बंद करण्याची गरज असेल तेथे कोठीयंत्राचा विचार करावा.

५. वापराची पद्धत

चांगले यंत्रही चुकीच्या हाताळणीने निष्फळ ठरते. पिशवी भरताना तिचे तोंड बाहेरच्या बाजूस दुमडावे, म्हणजे सीलच्या जागी रक्त वा चरबी लागत नाही. मांस कोरडे पुसून एक-दोन तास शीतपेटीत ठेवून पृष्ठभाग कडक करून घेतल्यास रक्तपाणी ओढले जात नाही. हाडाच्या टोकावर जाड कापडाची किंवा कागदाची घडी ठेवावी. पाकीट चपटे ठेवावे. जाडी दुप्पट झाल्यास गोठण्याचा काळ दुपटीहून अधिक वाढतो.

शीतपेटीवर एकदम भार टाकू नये. जॉर्जिया विद्यापीठातील राष्ट्रीय गृह-अन्नपरिरक्षण केंद्राच्या मार्गदर्शनानुसार चोवीस तासांत प्रति घनफूट दोन ते तीन पौंडांपेक्षा अधिक अन्न गोठवण्यास ठेवू नये. मेट्रिक परिमाणात हे प्रमाण दर १०० लिटर क्षमतेमागे सुमारे ३ ते ५ किलो होते. म्हणजे २०० लिटरच्या शीतपेटीत दिवसाला ६ ते १० किलो मांसच योग्य गतीने गोठेल. संपूर्ण हरीण एकाच रात्री त्यात भरल्यास पहिल्या प्रकारची हानी अटळ आहे, मग वेष्टन कितीही उत्तम असो.

हंगामापूर्वी यंत्राची परीक्षा घेणे सोपे आहे. मूठभर सुका राजमा पिशवीत बंद करून चोवीस तास ठेवावा. पिशवी दाण्यांना तशीच घट्ट चिकटलेली असल्यास सील विश्वसनीय मानता येते. सैल झाल्यास पट्टी, गादी किंवा पिशवी यांपैकी एकात दोष आहे.

६. निर्वाताच्या मर्यादा

निर्वात वेष्टन म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. मांस टिकते ते उणे १८ अंश सेल्सिअसच्या थंडीमुळे. वेष्टन केवळ त्याचा दर्जा जपते. उलट, ऑक्सिजन काढून घेतल्याने नेहमीचा दुर्गंध निर्माण करणारे जंतू मागे पडतात, तर ऑक्सिजनविरहित स्थितीत वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमला अनुकूल परिस्थिती लाभते. या जंतूचे काही प्रकार सुमारे ३ अंश सेल्सिअसलाही वाढू शकतात व त्यांच्या विषाचा वास वा चवीवरून बोध होत नाही. म्हणून निर्वात पाकीट ओट्यावर ठेवून वितळवू नये. ते फ्रिजमध्येच वितळवावे. माशांच्या बाबतीत तर वितळवण्यापूर्वी पिशवी कापून उघडण्याची शिफारस केली जाते.

पाकिटातील मांस जांभळट दिसल्यास ते नासले असा गैरसमज होतो. ऑक्सिजनच्या अभावी मायोग्लोबिन या रंजकद्रव्याचा रंग तसा दिसतो. उघडल्यावर काही वेळाने तांबडा रंग परत येतो.

परजीवींच्या बाबतीत गोठवणीवर विसंबणे धोक्याचे आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात एका कौटुंबिक मेळाव्यात अस्वलाचे मांस खाल्ल्यानंतर सहा जणांना ट्रिकिनेला कृमींची बाधा झाली. ते मांस ४५ दिवस गोठवलेले होते. बाधितांपैकी दोघांनी मांस खाल्लेच नव्हते. त्यांनी केवळ त्या मांसासोबत शिजवलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. थंड प्रदेशातील ट्रिकिनेलाच्या काही जाती गोठवणीला दाद देत नाहीत. अशा मांसाचे अंतर्गत तापमान किमान ७४ अंश सेल्सिअस होईपर्यंत ते शिजवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

हरणांमधील दीर्घकालीन क्षय रोग प्रथम १९६७ मध्ये कोलोरॅडोत आढळला. त्याला कारणीभूत असलेली प्रिऑन प्रथिने गोठवून वा शिजवून नष्ट होत नाहीत. मानवास त्याची लागण झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नसले, तरी बाधित क्षेत्रातील प्राण्याची तपासणी करावी व बाधित मांस खाऊ नये, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. तपासणीचा अहवाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवावे लागते. म्हणून प्रत्येक पाकिटावर दिनांक, मांसाचा भाग आणि प्राण्याचा क्रमांक लिहिणे, तसेच दोन प्राण्यांचा खिमा एकत्र न करणे आवश्यक आहे. चिठ्ठी नसलेल्या चाळीस पाकिटांमधील बाधित प्राण्याची पाकिटे वेगळी काढता न आल्यास सर्वच मांस टाकून द्यावे लागेल.

७. महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात व गोव्यात या यंत्राचा उपयोग शिकारीच्या मांसासाठी नसला, तरी सुरमई, पापलेट यांसारखे मासे आणि मटण गोठवण्यासाठी तेच निकष लागू पडतात. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळासाठी किनारपट्टीवर सुके बोंबील, सुकट, खारवलेले मासे साठवण्याची परंपरा आहे. तेथे पाणी काढून घेऊन जंतूंची वाढ रोखली जाते. निर्वात पाकिटातील ताज्या माशात मात्र पाणी तसेच असते. त्यामुळे त्याचे संरक्षण सर्वस्वी अखंड थंडीवर अवलंबून राहते. वीज दीर्घकाळ खंडित होणाऱ्या भागात पाकीट वरून घट्ट व स्वच्छ दिसत असले तरी आतील मासा मधल्या काळात वितळून पुन्हा गोठलेला असू शकतो. अशा ठिकाणी यंत्राच्या खरेदीपूर्वी शीतपेटीच्या विजेचा विचार करणे अगत्याचे आहे.

८. निष्कर्ष

घरगुती निर्वात वेष्टनयंत्र निवडताना दरवर्षी किती मांस, किती दिवसांत बांधायचे आणि किती महिने ठेवायचे, हे तीन प्रश्न प्रथम सोडवावेत. त्यानंतर सीलची रुंदी, ओलावा हाताळण्याची क्षमता, सलग काम करण्याची ताकद व पिशवीचा दर्जा या क्रमाने यंत्राची पारख करावी. निर्वाताचा छापील आकडा सर्वांत शेवटी पाहावा. जलद गोठवण शीतपेटीवर, सुरक्षितता थंडी व योग्य शिजवण्यावर आणि मांसाची ओळख पाकिटावरील चिठ्ठीवर अवलंबून असते. यंत्राकडून दर्जा राखण्याचीच अपेक्षा करावी. परवान्याने मारलेल्या एका प्राण्याचे मांस वाया न जाता वर्षभर कुटुंबाच्या ताटात सुरक्षितपणे येणे, हे या सर्व घटकांच्या समन्वयानेच शक्य होते.